फड कोणाचा?

बदलापूरच्या पश्चिमेकडील सोनिवलीत आमच्या शेजारी वाढलेला एक मुलगा गेली दहा वर्षे इंग्लंडात आहे आणि आता तिथलाच नागरिक झाला आहे. मध्यंतरी त्याचे एक लांबलचक पत्र आले. हिशेबनिसाची नोकरी सोडून बेटिंग एक्स्चेंजवर पूर्ण वेळ सौदे करावेत काय, हे त्याला ठरवायचे होते. सोबत चौदा महिन्यांच्या जमाखर्चाची वही जोडली होती. शेवटी लिहिले होते, "काका, जुगार वाईट हे मला ठाऊक आहे. त्यापलीकडे काही सांगता येत असेल तर सांगा." वहिनींना, म्हणजे त्याच्या आईला, यातले काहीच माहीत नाही, सोनिवलीतल्या घराचे हप्ते मात्र त्याच्याच पगारातून जातात.

नीतीचा उपदेश त्याने आधीच बाद केला होता. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, तेव्हा जे थोडेबहुत ठाऊक आहे त्याच्याच आधारे उत्तर शोधणे भाग होते.

प्रथम त्याची बाजू मांडायला हवी, कारण ती पोरकट नाही. जुन्या व्यवहारात पैज लावणाऱ्यासमोर बुकी बसलेला असे आणि भाव तोच ठरवी. अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे यांनी इंग्लंडात २००० साली 'बेटफेअर' सुरू केले, त्यात बुकीची जागाच रिकामी ठेवली. एक जण पैज लावतो, दुसरा कोणी अनोळखी ती स्वीकारतो. आपल्याकडच्या सट्ट्याच्या भाषेत एक लावतो, दुसरा खातो. मधली कंपनी फक्त दोघांची गाठ घालून देते आणि जिंकणाऱ्याकडून दलाली घेते. त्यामुळे पाचाच्या भावाने लावलेली पैज, भाव चारावर आला की योग्य प्रमाणात खाऊन टाकता येते. मग घोडा जिंको वा हरो, मधला फरक पदरात पडतो. "मी जुगारी नाही, व्यापारी आहे," असे आमचा हा मित्र म्हणतो, ते या अर्थाने. शिवाय ब्रिटनमध्ये हा व्यवहार कायदेशीर आहे आणि पैज जिंकणाऱ्याला त्या रकमेवर प्राप्तिकर नाही.

हा व्यापारी आणि जुगारी यांच्यातला भेद मुंबई इलाख्याला नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले तेव्हा, म्हणजे १८६० नंतरच्या चार-पाच वर्षांत, मुंबईत वायद्याच्या सौद्यांना ऊत आला. १ जुलै १८६५ या दिवशी सौद्यांची मुदत भरली. पण तोवर युद्ध संपले होते, कापूस उतरला होता आणि देणेकऱ्यांची रांग लागली होती. प्रेमचंद रायचंदांसारखा शेअरबाजाराचा अनभिषिक्त राजाही त्यात बुडाला. हे सगळे स्वतःला व्यापारीच म्हणवीत होते.

पुढे पावसावर पैजा लागू लागल्या. अमुक वेळात पाऊस पडेल की नाही, एवढाच प्रश्न. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात हा प्रकार बसत नाही, असा निर्णय १८८९ मध्ये उच्च न्यायालयाने दिला; १८९० मध्ये सरकारने कायदाच दुरुस्त करून तो बसवला. पावसावर पैज आमच्या सोनिवलीतल्या भातशेतकऱ्यानेही दर ज्येष्ठात लावलीच होती. पण त्याची जोखीम निसर्गाने अंगावर टाकलेली होती. पेढीवर बसलेल्याची मुद्दाम तयार केलेली होती. आदल्या दिवसापर्यंत निर्वेध चाललेला धंदा दुसऱ्या दिवशी गुन्हा ठरला, तोही त्याचाच.

मटक्याचा इतिहासही याच वळणाचा आहे. आरंभी तो न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावांवर खेळला जाई. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले, आणि त्या आकड्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेल्यांची विद्या निरुपयोगी झाली. १९६२ मध्ये कल्याणजी भगतांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्रींनी स्वतंत्रपणे आपापला मटका सुरू केला. पत्ते काढून आकडे ठरू लागले. दहांपैकी एक आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये, शंभरांपैकी एक जोडी लागली तर नव्वद, हा सर्वपरिचित दर. म्हणजे लोकांनी लावलेल्या प्रत्येक शंभरातले दहा, सरासरीने, चालवणाऱ्याकडे राहत. गिरणीकामगाराला स्वप्नात आकडे दिसत; चालवणाऱ्याला स्वप्नांची गरज नव्हती.

येथे आमचा मित्र म्हणेल, की एक्स्चेंजमध्ये शंभरातले दहा कापणारा कोणी नाही. खरे आहे, पण कापणारा आहेच. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात द्यूताध्यक्षाला जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घेण्याचा अधिकार दिला आहे. शिवाय फाशांचे भाडे, पाण्याचे आणि जागेचे वेगळे. बेटफेअरची मूळ दलाली नक्त जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाचच होती, हा योगायोग आम्हांला मोठा बोलका वाटतो. कौटिल्याचा अध्यक्ष पाचावर थांबे. या कंपनीने २००८ मध्ये सातत्याने जिंकणाऱ्यांवर अधिक आकार बसवला आणि २०११ मध्ये तो अतिशय यशस्वी खेळाडूंसाठी नफ्याच्या साठ टक्क्यांपर्यंत नेला. पुढे त्या आकाराचे नाव आणि दर बदलले, तत्त्व राहिले. म्हणजे हरणाऱ्याला बाजार शिक्षा करतो आणि जिंकणाऱ्याला फडाचा मालक.

आमच्या मते सर्व प्रश्न या एका जागी येऊन ठेपतो. पैजेवर पोट भरता येते काय, हा खरा प्रश्न नव्हे; काहींना ते भरता आले आहे. फड कोणाचा, हा खरा प्रश्न.

महाभारतात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. वनवासात युधिष्ठिराला बृहदश्व ऋषींकडून अक्षविद्या मिळाली. अज्ञातवासात तो कंक या नावाने विराटाच्या सभेत राहिला, तो फासे जाणणारा म्हणूनच. पूर्ण वेळ द्यूतावर उपजीविका करणारा आपल्या वाङ्मयातला हा ठळक पुरुष. या वेळी तो हरत नव्हता. तरीही, विजयाचे श्रेय उत्तराला न देता बृहन्नडेला दिले म्हणून, विराटाने हातातला फासा त्याच्या तोंडावर फेकून मारला आणि नाकातून रक्त आले. कंकाच्या कौशल्यात काही कमी नव्हते. सभा मात्र विराटाची होती.

अलीकडची उदाहरणेही तीच साक्ष देतात. मुंबई शेअरबाजारातील 'बदला' पद्धतीवर कित्येक दलालांची आयुष्ये गेली. जुलै २००१ मध्ये ती बंद झाली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. तीन दिवसांत दोन्ही सभागृहे आणि राष्ट्रपतींची संमती असे सर्व उरकले, आणि मोठ्या कंपन्यांनी लगोलग ते खेळ थांबवले. हे निर्णय योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. त्यावर संसार उभारलेल्या माणसाला कोणी विचारले नव्हते, एवढेच येथे नोंदवायचे. आणि जेथे फड सुरक्षित आणि कायदेशीर आहे, तेथे काय होते? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार वायदे आणि ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तीन वर्षांत तोट्यात गेल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. एक लाखाहून अधिक नफा जेमतेम एक टक्क्याला झाला.

मग त्याची वही उघडली. आमचा मित्र त्या ९३ टक्क्यांतला नव्हे, हे कबूल करायला हवे. चौदा महिन्यांत दलाली वजा जाता ६,२०० पौंड नफा होता. पण त्याने तास लिहून ठेवले होते, बेरीज मात्र केली नव्हती. ती आम्ही केली. पंधराशे तास भरले. म्हणजे तासाला चार पौंडांच्या थोडे वर. ब्रिटनमध्ये प्रौढांचे किमान वेतन एप्रिल २०२५ पासून ताशी १२.२१ पौंड होते. दुसरे असे, की त्या नफ्यातले ३,९०० पौंड एकाच स्पर्धेच्या तीन आठवड्यांत आले होते. ते वजा केले तर उरलेल्या तेरा महिन्यांत महिन्याला जेमतेम पावणेदोनशे पौंड पडतात. आणि हे सर्व पगार चालू असताना. हप्ता थकला नसताना शांतपणे सोडलेला सौदा, हप्ता थकल्यावर तितक्याच शांतपणे सोडता येईल काय?

आम्ही त्याला नाही म्हटले नाही. तो अधिकार आमचा नव्हे. एवढेच लिहिले, की नोकरी आणखी एक वर्ष ठेवावी, तासांची बेरीज दर महिन्याला स्वतः करावी, सर्वांत मोठा नफा वगळून काय उरते ते पाहावे, आणि उद्या फडाच्या मालकाने दर बदलला तर सोनिवलीचा हप्ता कोठून जाईल ते आधी लिहून काढावे. आणि हे सर्व वहिनींना त्याने स्वतः सांगावे. जो धंदा आईला समजावून सांगता येत नाही, तो बहुधा आपल्यालाही पुरता समजलेला नसतो.

उत्तर आले आहे. राजीनामा अजून दिलेला नाही. वहीत आता बेरजेचा एक नवा रकाना आहे, असे तो लिहितो. वहिनींना मात्र त्याने अद्याप फोन केलेला नाही.