प्रमाणित विद्राव : ऐतिहासिक आढावा

प्रमाणित विद्राव : ज्याच्या ठराविक घनफळात विरघळलेल्या पदार्थाचे वजन अचूकपणे ज्ञात असते, अशा विद्रावाला प्रमाणित विद्राव म्हणतात. असा विद्राव हाताशी असला म्हणजे दर नमुन्यासाठी साका गाळणे, वाळविणे व त्याचे वजन करणे हा खटाटोप टळतो. विक्रिया पूर्ण होण्यास विद्रावाचे किती घनफळ लागले, यावरून पदार्थाचे प्रमाण काढता येते. मात्र विद्राव तयार करताना झालेली चूक त्यावर आधारलेल्या प्रत्येक निष्कर्षात उतरते.

या पद्धतीचा उगम विद्यापीठांपेक्षा व्यापारात व कारखान्यांत अधिक शोधावा लागतो. अमेरिकेतून येणाऱ्या पोटॅशचा कस ठरविण्यासाठी विल्यम लूइस यांनी १७६७ मध्ये लिटमसचा रंग पालटेपर्यंत अम्ल घालण्याची रीत वर्णिली. पण खर्ची पडलेले अम्ल ते वजन करून ठरवीत. रूआं येथील देक्रुआझीय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस विरंजक द्रवाची शक्ती निळीच्या विद्रावाने मोजली व १८०६ मध्ये अल्कमापनासाठी अंशांकित नळी पुढे आणली. निळीच्या विद्रावात एक मूलभूत उणीव होती. नीळ सर्वत्र सारख्या शुद्धतेची नसे, त्यामुळे एका ठिकाणचा आकडा दुसरीकडे जुळण्याची खात्री नव्हती. झोझेफ ल्वी गे-ल्युसॅक (१७७८–१८५०) यांनीही १८२४ मध्ये नीळच वापरली होती. १८३५ मध्ये त्यांनी तिच्या जागी आर्सेनियस अम्ल घेतले.

गे-ल्युसॅक यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य मात्र पॅरिसच्या टांकसाळीतील आहे. १८०३ च्या कायद्यानुसार फ्रेंच नाण्यात हजार भागांत ९०० भाग चांदी असे. चांदीचा कस पाहण्याच्या जुन्या रीतीत नमुना शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत तापवीत. शिसे व तांबे यांची ऑक्साइडे मुशीत जिरत आणि उरलेल्या चांदीच्या गोळीचे वजन करीत. पण थोडी चांदीही मुशीत जिरे व थोडी उडून जाई. त्यामुळे कस काही सहस्रांशांनी कमी दिसे. म्हणजे परीक्षेत ९०० चा आकडा यावा म्हणून नाण्यात प्रत्यक्षात अधिक चांदी घालावी लागे. एका नाण्यात हा फरक नगण्य असला, तरी साऱ्या राष्ट्राच्या नाणेपाडणीत तो नगण्य नव्हता.

गे-ल्युसॅक यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या रीतीत मिठाच्या विद्रावाची संहती अशी ठेवली होती की, त्याच्या १०० मिलि. मुळे बरोबर १ ग्रॅ. चांदीचा साका पडावा (आजच्या अणुभारांनुसार लिटरला सु. ५·४२ ग्रॅ. शुद्ध मीठ). सु. १ ग्रॅ. चांदी असलेला नमुना नायट्रिक अम्लात विरघळवून त्यात हे १०० मिलि. घालीत व बाटली जोराने हलवून साका खाली बसू देत. नंतर दसपट विरल विद्राव १–१ मिलि. घालून गढूळपणा येतो का ते पाहत, दर मिलि. म्हणजे चांदीचा एक सहस्रांश. मिठाच्या शुद्धतेवर विसंबून न राहता विद्राव शुद्ध चांदीशी पडताळीत. प्रस्तुत लेखकाच्या मते खरे पाऊल हेच होय.

ही दृष्टी फ्रीड्रिख मोर (१८०६–७९) यांनी १८५५ च्या आपल्या ग्रंथात सर्वसाधारण केली. अम्लमापनाचा पाया म्हणून त्यांनी ऑक्झॅलिक अम्ल निवडले; त्याचे स्फटिक शुद्ध मिळतात व हवेत ओलावा घेत नाहीत. लिटरला ६३ ग्रॅ. स्फटिक घेतले की सममूल्य (नॉर्मल) विद्राव होतो. वजन केलेले स्फटिक थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून विद्राव खोलीच्या तापमानाला आल्यावरच चंबूत खुणेपर्यंत पाणी घालावयाचे, हा क्रम आजही तोच आहे. याउलट सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेत असल्यामुळे केवळ वजनावरून त्याचा प्रमाणित विद्राव करता येत नाही. तो पडताळूनच घ्यावा लागतो.

लिटर कोणता, हाही प्रश्न होताच. मोर यांचा लिटर म्हणजे १७·५° से. ला हवेत वजन केलेल्या १,००० ग्रॅ. पाण्याचे घनफळ; ते खऱ्या लिटरपेक्षा २ मिलि. हून थोडे अधिक भरते. एक चंबू मोर लिटरचा व ब्यूरेट खऱ्या लिटरनुसार अंशांकित असल्यास चूक अटळ असे. १९०१ मध्ये लिटर हे कमाल घनतेच्या १ किग्रॅ. पाण्याचे घनफळ ठरविण्यात आले, पण तेही घन डेसिमीटरहून दशलक्षांत सु. २८ भागांनी अधिक निघाले. १९६४ मध्ये ही व्याख्या रद्द होऊन लिटर म्हणजे बरोबर १ घन डेसिमीटर असे ठरले.