जत्रा आणि आठवड्याचा बाजार

स्पर्धा आणि लीग हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांत जत्रा आणि आठवड्याचा बाजार यांच्याइतके अंतर आहे. जत्रा वर्षातून एकदा भरते. पाळणे येतात, गर्दी लोटते, आणि चौथ्या दिवशी मैदानात उष्ट्या पत्रावळी तेवढ्या उरतात. बाजार दर आठवड्याला भरतो आणि त्याच्या आधाराने घरे चालतात. भारतीय स्त्रियांच्या फुटबॉलचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास हा जत्रेकडून बाजाराकडे चाललेला, अजून पुरा न झालेला प्रवास आहे.

हा खेळ बायकांना नवा, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो खरा नाही. इंग्लंडात प्रेस्टन येथील एका कारखान्यातल्या कामकरी मुलींचा सामना पाहावयास १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूल शहरी ५३ हजार माणसे लोटली होती. पुढच्याच वर्षी तेथील फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना योग्य नव्हे असे ठरवून आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. खेळाडू होत्या, प्रेक्षक होते. मैदान तेवढे काढून घेतले, आणि एक अख्खी पिढी खेळावाचून राहिली.

आपल्याकडे अशी बंदी नव्हती. पण निगा राखणारेही कोणी नव्हते. १९७५ मध्ये स्त्रियांच्या फुटबॉलसाठी वेगळा महासंघ निघाला, तो पुरुषांच्या महासंघाबाहेर. या सवत्या चुलीवरही मुलींनी बरे रांधले. १९८० साली कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत आपला संघ उपविजेता ठरला आणि १९८३ साली पुन्हा उपविजेता झाला. त्याच वर्षी शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे नव्वदीच्या आरंभी हा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला. चुली एक झाल्या. ताटे मात्र सारखी झाली नाहीत. पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली. स्त्रियांना तिच्यासाठी आणखी वीस वर्षे थांबावे लागले.

२०१६-१७ मध्ये ‘इंडियन वुमेन्स लीग’ सुरू झाली, तेव्हा अंतिम फेरीत सहा संघ होते. त्यांत पुण्याचा एक होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. सगळे सामने दिल्लीत, जेमतेम अडीच आठवड्यांत उरकले. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट्स क्लबला ३-० असे हरवले आणि मुली घरोघर परतल्या. नाव लीगचे, रूप जत्रेचे! पुढची वर्षे शिलाँग, लुधियाना, बंगळूर असा तळ हलत राहिला. २०२०-२१ चा हंगाम महामारीत बुडाला. बहुतेक संघांना आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर खेळता आले नाही. ज्या खेळाडूला तिची आई, तिचे शेजारी, तिची धाकटी बहीण पाहू शकत नाही, तिच्यामागून दुसरी मुलगी मैदानात उतरणार कशी?

खरे वळण आले ते २०२३-२४ मध्ये. त्या वर्षी प्रथमच प्रत्येक संघ एकदा आपल्या गावी आणि एकदा परगावी खेळला. सात संघ, प्रत्येकी बारा सामने. ओडिशा एफसीने ती लीग जिंकली. पुढच्या वर्षी कोलकात्याच्या ईस्ट बंगालने. जुलै २०२५ मध्ये आपल्या संघाने थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून आशियाई चषकात प्रवेश मिळविला. पात्रता फेरी जिंकून मिळालेला हा पहिलाच प्रवेश. त्याचे सारे श्रेय लीगला देणे धाडसाचे होईल. पण वर्षाला बारा सामने खेळणारी मुलगी आणि पाच-सात खेळणारी मुलगी यांत फरक पडणारच.

या सात संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. पुढच्या वर्षीच्या आठांतही नव्हता. पुण्याचा तो क्लब २०१९ मध्येच बंद पडला होता. २०२२ चा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाला. त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही नवी मुंबईत झाला. जत्रा भरवण्यात आपण कोणाला हार जात नाही. बाजार मात्र आपल्याकडे बसला नाही.

मी नवापुरात शिकवतो. आमच्या रेल्वे स्थानकाच्या फलाटावरून महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा जाते, आणि परगावचे लोक ती कौतुकाने पाहतात. मला दुसरीच एक सीमा रोज दिसते. आमच्या आदिवासी पाड्यांवरच्या मुली डोंगर चढून-उतरून शाळेत येतात. त्यांच्या पायांत जे बळ आहे ते शिकवून येणारे नव्हे. दहावीपर्यंत त्या धावतात. दहावीनंतर धावण्याला काही अर्थ आहे, असे त्यांच्या बापांना पटवून द्यावयास माझ्यापाशी पुरावा नसतो. मणिपुरातल्या किंवा ओडिशातल्या मास्तराला आज तो आपल्याच प्रांतात दाखवता येतो. लीगचे मोल मला चषकात दिसत नाही, ते या पुराव्यात दिसते. आमच्या मुलींना तो कोसांवर, मराठी मुलुखातच, दिसू लागेल, तेव्हा या इतिहासाचे पुढचे पान आपल्या भाषेत लिहिता येईल.