भिंतीमागची फळी

मागच्या वर्षी आई सांगलीहून आमच्याकडे रॅलेला आली, ती खुब्याचं ऑपरेशन होऊन, वॉकर घेऊन. पहिल्याच सकाळी बाथरूमच्या दारात अडली. वॉकर आत जाईना आणि टबच्या काठावरून पाय उचलवेना. "आता सुनेनं आंघोळ घालायची, एवढंच राहिलं होतं," म्हणाली आणि मागे फिरली. त्याच दिवशी बाथरूम फोडायचं ठरवलं.

इथल्या भिंती म्हणजे १६ इंचांवर उभे लाकडी वासे आणि वर जिप्समचा पत्रा. आत पोकळ! नुसता धरायचा दांडा ठोकला तर माणसासकट खाली येईल. म्हणून वाशांमध्ये जाड आडव्या फळ्या ठोकतात. मंडळी, या फळीमागे मोठा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धातून जायबंदी सैनिक परतले. त्यांच्यापैकी काही इलिनॉय विद्यापीठात शिकायला आले. तिथे टिमथी न्यूजंट यांनी केलेल्या कामातून १९६१ साली इमारती अपंगांना वापरता याव्यात म्हणून अमेरिकेतलं पहिलं मानक निघालं. पण ते पाळणं ऐच्छिक होतं.

आमच्याच रॅलेत रॉन मेस वास्तुशास्त्र शिकले. नवव्या वर्षी पोलिओ झालेला. वर्गात जायला त्यांना जिन्यावरून उचलून न्यावं लागे आणि बाथरूममध्ये व्हीलचेअर शिरत नसे. पुढे १९७३ साली नॉर्थ कॅरोलायनाने या संदर्भात बांधकाम नियम केले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. सर्वांनाच वापरता येईल अशी रचना सुरुवातीपासून करा, हा त्यांचा आग्रह.

१९८८ च्या कायद्याने चार किंवा जास्त घरांच्या नव्या इमारतींत बाथरूमच्या भिंती आधीच मजबूत ठेवणं सक्तीचं झालं. १२ मार्च १९९० ला अपंग निदर्शक व्हीलचेअर सोडून संसदेच्या पायऱ्या हातांवर सरपटत चढले. २६ जुलैला अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर सही झाली. मात्र खाजगी घराला तो लागू नाही. त्यामुळे आमच्या भिंतीत फळी नव्हती!

आम्ही दार ३६ इंचांचं केलं, टब काढला, उंबरठा नसलेला शॉवर केला. बसायला घडीचा बाक, हातात धरायचा शॉवर आणि ३४ इंचांवर दांडा. दांड्याने २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो, भार पेलायला हवा. टॉवेलच्या दांडीवर भिस्त ठेवू नका.

तुमच्याकडे विटांच्या भिंती आहेत, फळीचीही गरज नाही. ड्रिल आणि चांगले अँकर पुरेत. फक्त कुणी पडायची वाट बघू नका.

आई आता स्वतः दार लोटून घेते. आतून पाण्याचा आणि स्तोत्राचा आवाज येतो. आम्ही बाहेर चहा टाकतो.