झोळी, अर्ज आणि प्रस्ताव

हिंगोली जिल्ह्यातल्या गावात सप्ता बसायचा असला की वर्गणी फिरते. कुणी ज्वारी देतो, कुणी तूरडाळ, कुणी रोख. काल्याच्या दिवशी देवळात सगळ्यांसमोर जमाखर्च वाचला जातो आणि कुणाला शंका असेल तर तो तिथेच उभा राहून विचारतो. याच गावातल्या बचत गटाला किंवा छोट्या संस्थेला विहिरीसाठी, मुलींच्या अभ्यासिकेसाठी एखाद्या प्रतिष्ठानाकडे निधी मागायचा असतो, तेव्हा मात्र मागण्याची भाषाच बदलते. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, तीन वर्षांचे लेखापरीक्षण, प्राप्तिकर कायद्याखालची नोंदणी, दर्पण पोर्टलचा क्रमांक, कंपन्यांच्या निधीसाठी सीएसआर-१ आणि या सगळ्यावर बहुधा इंग्रजीत लिहिलेला प्रस्ताव. झोळीपासून प्रस्तावापर्यंतचा हा प्रवास महाराष्ट्रात कसा झाला आणि हिंगोलीसारखा जिल्हा त्यात मागे का राहिला, हे पाहिले तर आजच्या अनेक अडचणींचा उलगडा होतो.

आधुनिक मराठी समाजातल्या अर्जाची सुरुवात पुण्यात शोधावी लागते. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजांनी ती कमी केली, पण बंद केली नाही. १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या निधीचा काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. पुढे याच दक्षिणा प्राइज फंडातून जोतीराव फुले यांच्या अस्पृश्य मुलामुलींसाठीच्या शाळांना दरमहा ७५ रुपयांचे साहाय्य मिळू लागले. जो पैसा शतकभर एका वर्णाच्या विद्येसाठी राखीव होता, तो ज्यांना विद्येची बंदी होती त्यांच्या दारी गेला. हे अर्जाचे सामर्थ्य.

दुसरी बाजूही त्याच दशकात दिसू लागली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सहायक अनुदानाची पद्धत आणली. खासगी शाळेला सरकार पैसे देणार, बदल्यात तपासनीस येणार, नियम पाळावे लागणार. देणाऱ्याची अट आणि घेणाऱ्याची वही यांचे नाते तेव्हापासूनचे आहे.

ही अट किती जड होऊ शकते, ते रयत शिक्षण संस्थेने अनुभवले. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी संस्था स्थापन केली. घरोघरच्या बायका दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढत आणि ते वसतिगृहाला जाई. हाच मुष्टिफंड. स्वातंत्र्यानंतर भाऊरावांनी काँग्रेस सरकारवर टीका केली आणि संस्थेचे सरकारी अनुदान थांबवण्यात आले. संस्था मोडली नाही, कारण तिच्या मागे गावे उभी होती. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. या प्रसंगाचा अर्थ इतकाच, की रयतला अनुदान हवे होते, पण तिचा जीव एकट्या अनुदानात नव्हता.

पुणे-साताऱ्यात हे घडत असताना हिंगोली निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. तिथे मागण्याआधी जमण्याचीच पंचाईत होती. १९२० च्या दशकातल्या ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने सभा भरवायला पूर्वपरवानगी लागे. खासगी शाळा काढायलाही परवानगी लागे. ब्रिटिश मुलुखात तीन पिढ्या संस्था स्थापन करणे, वर्गणी गोळा करणे, अहवाल छापणे, सरकारशी पत्रव्यवहार करणे शिकत होत्या. मराठवाड्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारखे मोजके प्रयत्न सोडले तर ही सवय लागायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. संस्थात्मक मागासलेपण म्हणतात ते बरेचसे इथून आले आहे. ते लोकांच्या उत्साहाच्या अभावाचे लक्षण नव्हे.

१९७२ च्या दुष्काळात बाहेरची मदत मराठवाड्यात आली. १९८२ मध्ये अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी मानवलोक सुरू केले. १९८६ मध्ये केंद्र सरकारने ‘कपार्ट’ स्थापन केले आणि ग्रामीण संस्थांना थेट अर्ज करण्याची वाट झाली. १९९३ च्या किल्लारी भूकंपाने देशविदेशातल्या संस्था लातूर-उस्मानाबादेत आणल्या आणि प्रस्ताव, अहवाल, मूल्यमापन हे शब्द तिथल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी बसले. हिंगोली या केंद्रांपासून दूर होती. १ मे १९९९ रोजी ती स्वतंत्र जिल्हा झाली आणि २००६ मध्ये रोजगार हमीचा केंद्रीय कायदा ज्या पहिल्या जिल्ह्यांत लागू झाला त्यांत तिचे नाव होते. मागास म्हणून यादीत येणे सोपे होते. त्या यादीच्या जोरावर गावातल्या संस्थेने निधी मिळवणे सोपे नव्हते.

कारण एव्हाना मागण्याचा साचा ठरून गेला होता. आज बहुतेक प्रस्तावांत जो तक्ता भरावा लागतो, तो १९६९ च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत खात्यासाठी तयार झाला. उद्दिष्ट, फलित, निर्देशक, पडताळणीचे साधन, गृहीतके असे त्याचे रकाने. शिस्त म्हणून तो वाईट नाही. आपण काय करणार आणि ते झाले हे कसे कळणार, हा प्रश्न कुणीही विचारावा. पण कळमनुरीच्या शेतकऱ्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट, म्हणजे पाऊस, या तक्त्यात ‘गृहीतके’ या शेवटच्या रकान्यात जाऊन बसते.

कयाधूचे उदाहरण घ्यावे. ही नदी वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात उगम पावते आणि सेनगाव, हिंगोली, कळमनुरी तालुक्यांतून पैनगंगेकडे जाते. कळमनुरी तालुक्यातल्या उगम ग्रामीण विकास संस्थेने तिच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. नदी एकाहून अधिक जिल्ह्यांची. तिचे पाणी परत यायचे तर माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध, चर, झाडे आणि गावोगावच्या बैठका हव्यात. त्याला वर्षे लागतात. निधीचा करार मात्र सहसा एक, दोन किंवा तीन वर्षांचा असतो. चर मोजता येतात, फोटो काढता येतात. शंभर बैठकांनंतर वरच्या गावाने खालच्या गावासाठी पाणी अडवायला दिलेला होकार कोणत्या रकान्यात लिहायचा?

कायदेही मोठ्यांच्या मापाने शिवलेले आहेत. विदेशी देणग्यांवर नियंत्रण आणणारा पहिला कायदा आणीबाणीत, १९७६ मध्ये झाला. २०१० मध्ये नवा आला. त्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने विदेशी निधी एका संस्थेने दुसरीला देणे बंद केले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. शहरातल्या मोठ्या संस्थेने निधी आणायचा, हिशेब सांभाळायचा आणि गावच्या संस्थेला वाटा द्यायचा, ही जी जोडी अनेक वर्षे चालली, ती तुटली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. पण त्यात कंपनीच्या परिसराला प्राधान्य आहे. हिंगोलीत हळदीची मोठी बाजारपेठ आहे, मोठ्या कारखान्यांचा पट्टा नाही. परिसर म्हटला की पैसा पुणे, रायगड, ठाण्याकडे वळणे ओघाने आले.

मग छोट्या संस्थेने काय करावे? अर्ज सोडून द्यावा, हे उत्तर नव्हे. फुल्यांनी ७५ रुपये नाकारले नाहीत. इतिहास सांगतो ते असे, की ज्या संस्था टिकल्या त्यांनी दोन वह्या ठेवल्या. एक देणाऱ्यासाठी, एक गावासाठी. पहिलीत लेखापरीक्षकाची सही असते, दुसरी देवळात वाचली जाते. दुसऱ्या वहीतली रक्कम छोटी असेल, पण करार संपल्यावर कामाचा दिवा तिच्यावर तेवतो.

देणाऱ्यांकडेही थोडे मागणे आहे. मराठीत लिहिलेला अर्ज स्वीकारावा. कार्यकर्त्याचे मानधन आणि हिशेबनिसाचा पगार हा वायफळ खर्च मानू नये. नदीला आणि माणसांना लागतो तितका वेळ द्यावा. दक्षिणेचा निधी एका अर्जाने वळला, तो अर्ज वाचून निर्णय घेणारे कुणीतरी पलीकडे होते म्हणून. मागणाऱ्याने कसे लिहावे यावर आज पुष्कळ शिबिरे होतात. देणाऱ्याने कसे वाचावे, यावरही एखादे व्हायला हवे, आणि ते हिंगोलीत भरवायला हरकत नाही.