थिबा राजाचा समुद्राकडचा वाडा

रत्नागिरीस, भाट्याच्या खाडीवरील उंचवट्यावर, लाल रंगाचा तीन मजली वाडा उभा आहे. उतरतीं कौलारू छपरें, अर्धवर्तुळाकार लांकडी खिडक्या, त्यांतील रंगीत कांचा, आणि समोर खाडीपलीकडे पसरलेला अरबी समुद्र. अशा जागीं उतारवय घालवावें असें कोणास वाटणार नाहीं? परंतु ज्याच्याकरितां हा वाडा बांधला, त्याला दुसरीकडे जाण्याची मुभाच नव्हती.

१८८५ च्या नोव्हेंबरांत मंडाले पडलें आणि ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्याला आधीं मद्रासेस व १८८६ सालीं रत्नागिरीस आणण्यांत आलें. तेव्हां तो अवघा २७ वर्षांचा होता. (याच इंग्रजांनीं दिल्लीच्या बहादुरशहास १८५८ सालीं रंगूनला धाडलें होतें; बादशहा तिकडे, राजा इकडे, असा हा अजब विनिमय!) राणी सुपायालत, तिची धाकटी बहीण व मुली यांच्यासह राजाचा संसार बंगल्यांतून सुरू झाला.

वाडा पुरा होऊन तेथें राहावयास जाण्यास १९१० साल उजाडलें. म्हणजे उमेदीचीं चोवीस वर्षें तशींच सरलीं. पन्नाशी उलटल्यावर लाभलेलें हें घर निवृत्ताचें खरें. पण ती निवृत्ति लादलेली होती. वाड्यांत संगमरवरी फरशीचें नृत्यगृह होतें, आणि खर्च मात्र सरकारी तनख्यावर. धाकटी राणी १९१२ सालीं वारली. डिसेंबर १९१६ मध्यें राजाहि गेला. वाड्याचें सुख त्याला पुरतीं सात वर्षेंहि मिळालें नाहीं. दोघांचे देह ब्रह्मदेशीं न्यावे ही कुटुंबाची इच्छा सरकारनें मान्य केली नाहीं. १९१९ सालीं त्यांना रत्नागिरींतच मूठमाती मिळाली. त्याच वर्षीं राणी स्वदेशीं परतली.

थोरली राजकन्या मात्र पुन्हां रत्नागिरीस आली व १९४७ सालीं येथेंच निवर्तली. तिची कन्या टुटू मराठी बोलत, सामान्य रत्नागिरीकरांप्रमाणें कष्टानें संसार करीत २००० सालापर्यंत जगली. आजोबांच्या वाड्यांत तिला जागा नव्हती.

अमेरिकेंत समुद्रकांठचीं जुनीं हॉटेलें वृद्धांचीं निवासस्थानें झालीं. येथें उलट घडलें: उतारवयाचें घर सार्वजनिक झालें. वाड्यांत सरकारी कचेऱ्या आल्या, मग तंत्रनिकेतनाचे वर्ग भरले, आणि पुढें तेथें पुरातत्त्व खात्याचें वस्तुसंग्रहालय झालें. डिसेंबर २०१२ मध्यें ब्रह्मदेशाचे, म्हणजे म्यानमारचे, तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस आले आणि त्यांनीं राजाच्या समाधीचें दर्शन घेतलें.