अतिक्रांतिक पाणी

अतिक्रांतिक पाणी म्हणजे क्रांतिक तापमान (सुमारे ३७४ °से.) आणि क्रांतिक दाब (सुमारे २२.१ मेगापास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सुमारे २१८ पट) या दोन्ही मर्यादांपलीकडे असलेले पाणी. या अवस्थेत द्रव आणि वाफ असा भेद उरत नाही. एकच प्रवाही प्रावस्था असते. या पाण्यात तेले व सेंद्रिय पदार्थ मिसळतात, तर क्षार विरघळेनासे होतात. औष्णिक वीजनिर्मिती, घातक रासायनिक कचऱ्याचा नाश आणि सूक्ष्मकणांची निर्मिती हे त्याचे प्रमुख उपयोग आहेत.

शोध

फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल कान्यार द ला तूर यांनी १८२२ मध्ये बंद नळीत द्रव तापवताना विशिष्ट तापमानाला द्रव व बाष्प यांच्यामधील सीमा नाहीशी होते, असे दाखवले. टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवरील प्रयोगांच्या आधारे या घटनेचे स्पष्टीकरण केले. ‘क्रांतिक बिंदू’ ही संज्ञा त्यांचीच आहे.

गुणधर्म

सामान्य पाण्याचे वेगळेपण मुख्यतः त्यातील हायड्रोजन बंधांच्या जाळ्यामुळे असते. तापमान वाढते तसे हे जाळे विस्कळीत होते आणि पुढील बदल घडतात.

घनता: क्रांतिक बिंदूवर पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे ३२२ किलोग्रॅम, म्हणजे नेहमीच्या पाण्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असते. या बिंदूजवळ दाबात थोडा फरक केला तरी घनता खूप बदलते.

ध्रुवीयता: विद्युत प्रभार असलेले कण एकमेकांपासून अलग ठेवण्याची पाण्याची क्षमता डायइलेक्ट्रिक स्थिरांकाने मोजतात. २५ °से. ला तो सुमारे ७८ असतो. क्रांतिक बिंदूजवळ तो ६ च्या आसपास उतरतो. त्यामुळे पाणी एखाद्या सेंद्रिय द्रावकासारखे वागू लागते. बेंझीनसारखे पदार्थ व ऑक्सिजन त्यात पूर्णपणे मिसळतात. उलट मीठ जवळजवळ सगळे घनरूपात बाहेर पडते.

आयनीभवन: २५० ते ३०० °से. च्या दरम्यान पाण्याचा आयनी गुणाकार २५ °से. च्या तुलनेत सुमारे १,००० पट होतो. त्यामुळे उष्ण पाणी स्वतःच आम्ल व अल्क उत्प्रेरकाचे काम करते. क्रांतिक बिंदू ओलांडून घनता कमी झाली, की हा गुणाकार अतिशय घसरतो.

श्यानता व विसरण: श्यानता वायूसारखी कमी आणि विसरण जलद असल्याने अभिक्रिया वेगाने होतात.

अतिक्रांतिक पाण्यातील ऑक्सिडीकरण

सेंद्रिय पदार्थ आणि ऑक्सिजन एकाच प्रावस्थेत आल्यामुळे ज्वलनासारखी अभिक्रिया पाण्यातच घडते. अमेरिकेतील मायकेल मोडेल यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत विकसित केली. साधारणतः ४०० ते ६५० °से. तापमान व सुमारे २५ मेगापास्कल दाब असताना, काही सेकंदांपासून एका मिनिटापर्यंतच्या अवधीत बहुतेक सेंद्रिय संयुगांचा ९९.९ टक्क्यांहून अधिक नाश होतो. कार्बनपासून कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजनपासून पाणी तयार होते. नायट्रोजन प्रामुख्याने वायुरूपात मुक्त होतो. तापमान भट्टीपेक्षा कमी असल्याने नायट्रोजनची प्रदूषक ऑक्साइडे फारशी बनत नाहीत.

जीन्सच्या कापडाला निळा रंग देणारे इंडिगो हे याचे सोपे उदाहरण होय. इंडिगोच्या २ रेणूंचे पूर्ण ऑक्सिडीकरण होण्यास ऑक्सिजनचे ३५ रेणू लागतात आणि त्यांपासून कार्बन डायऑक्साइडचे ३२, पाण्याचे १० व नायट्रोजनचे २ रेणू तयार होतात.

मर्यादा

क्लोरीन, गंधक व फॉस्फरस असलेल्या संयुगांपासून अनुक्रमे हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक व फॉस्फरिक आम्ल तयार होते. ऑक्सिजनच्या सान्निध्यात ही उष्ण आम्ले निकेलच्या मिश्रधातूंनाही खातात. आम्ले उदासीन करण्यासाठी अल्क घातल्यास क्षार बनतात. ते न विरघळता साचतात आणि नळ्या तुंबतात. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील ब्लू ग्रास लष्करी आगारात रासायनिक अस्त्रांच्या विघटनातून उरलेल्या द्रवासाठी ही यंत्रणा उभारली होती. मात्र देखभालीच्या अडचणींमुळे ती पुढे थांबवून तो द्रव अन्यत्र विल्हेवाटीसाठी पाठवावा लागला.

अंबरनाथ–उल्हासनगर–बदलापूर पट्ट्याच्या संदर्भात

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ व बदलापूर येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमध्ये अनेक रासायनिक कारखाने आहेत. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वसलेल्या उल्हासनगरच्या कॅम्प ४ व कॅम्प ५ परिसरात जीन्स शिवण्याचा व धुण्याचा व्यवसाय वाढला. अंबरनाथकडून येणारी वालधुनी नदी उल्हासनगरमधून कल्याणच्या दिशेने वाहते आणि प्रदूषणासाठी ओळखली जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून तिच्या पात्रात सोडलेल्या रासायनिक कचऱ्यातून वायू निघून उल्हासनगरमधील शेकडो रहिवाशांना बाधा झाली.

अशा कचऱ्याला ही पद्धत कितपत लागू पडते, हे सांडपाण्याच्या स्वरूपावर ठरते. जीन्स धुण्याचे पाणी फार विरळ असते. त्यात जळण्याजोगा अंश कमी असल्याने सारे पाणी ३७४ °से. च्या वर नेण्याची उष्णता बाहेरून पुरवावी लागेल. त्यासाठी जैविक प्रक्रिया व गाळणीच योग्य ठरतात. याउलट औषधे व रंग बनवताना उरणाऱ्या संहत द्रवात सेंद्रिय अंश ५ ते १० टक्के असल्यास अभिक्रियेतून निघणारी उष्णताच प्रक्रिया चालू ठेवू शकते. परंतु अनेक रंग द्रावणात मीठ घालून वेगळे केले जातात. त्यामुळे उरलेला द्रव अतिशय खारट असतो आणि नेमके मीठच या पद्धतीत अडसर ठरते. क्षार आधी वेगळे करणे किंवा ते सतत धुऊन काढणारी अभिक्रियापात्रे वापरणे हे त्यावरील उपाय आहेत.

इतर उपयोग

वीजनिर्मिती: अतिक्रांतिक दाबाला पाणी न उकळता सलग तापते, म्हणून बाष्पित्रात वाफ व पाणी वेगळे करणारा पिंप लागत नाही. वाफेचे तापमान व दाब जास्त असल्याने तेवढ्याच विजेसाठी कोळसा कमी लागतो. महाराष्ट्रात कोराडी (३ संच), तिरोडा (५ संच), मौदा (दुसऱ्या टप्प्यातील २ संच) व सोलापूर (२ संच) येथे प्रत्येकी ६६० मेगावॉटचे असे संच आहेत.

सूक्ष्मकण: क्षारांची द्रावणे एकाएकी अतिक्रांतिक तापमानाला नेल्यास धातूंच्या ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म स्फटिक मिळतात.

वायूकरण: ऑक्सिजन न पुरवल्यास ओला जैवभार न वाळवताच हायड्रोजन व मिथेन यांत रूपांतरित करता येतो.

निसर्गातील आढळ

अटलांटिक महासागराच्या मध्य कटकावर विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे ३,००० मीटर खोलीवरील उष्णोदक विवरांत ४०७ °से. तापमानाचे पाणी आढळले आहे. आइसलँडमधील रेक्यानेस येथे २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या ४,६५९ मीटर खोल विवराच्या तळाशीही अतिक्रांतिक स्थिती नोंदवली गेली.