तार आली, तार गेली

"तार आली!" हे दोन शब्द कानांवर पडताच ज्यांच्या काळजाचा ठोका चुकत असे, अशी माणसे आपल्या खेड्यापाड्यांतून अजून आहेत. तुमच्या घरातल्या आजीलाच विचारून पाहा. तारेत काय लिहिले आहे हे कळण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई, भाकरी तव्यावर करपून जाई, आणि एखादा पोरगा धावत सुटे तो थेट शाळेकडे. कारण तार बहुधा इंग्रजीत, आणि गावात इंग्रजी वाचणारा माणूस म्हणजे शाळेतले मास्तर. पुष्कळदा ती तार नातू झाल्याची, नाहीतर मुलगा परीक्षेत पास झाल्याची निघे. पण भीती आधी येई आणि मजकूर मागाहून कळे!

ही तार आपल्या देशात १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाली. दीडशे वर्षांहून अधिक काळ चाललेली ही सेवा कशी आली, कोणासाठी आली, कोणाची झाली आणि का गेली, याची हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे.

तारेपूर्वी निरोप जाई तो पायांनी. माणसाच्या, घोड्याच्या नाहीतर सांडणीच्या. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. त्या वेळी खुद्द नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. तरीसुद्धा ती वार्ता त्यांना भेलशाच्या मुक्कामी कळावयास सुमारे दहा दिवस लागले, आणि तीही एका सावकारी पत्रातून. पेशव्यांची ही गोष्ट, मग आमच्या शिरवळच्या कुणब्याचा मुलगा त्या रणावर पडला असेल, तर ते त्याच्या घरी कधी कळले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आपल्या देशात तारेचा पहिला प्रयोग केला तो एका डॉक्टराने. विल्यम ओशॉनेसी हा आयरिश गृहस्थ कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असे. १८३९ साली त्याने कलकत्त्याजवळ तार टाकून तिच्यातून विजेने खुणा पाठवून पाहिल्या. पुढे १८५०-५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाईन उभी राहिली. या कामात त्याचा उजवा हात होता शिवचंद्र नंदी नावाचा बंगाली माणूस. यानंतर गव्हर्नर जनरल डलहौसी याने देशभर तारा टाकण्याचे काम हाती घेतले. डलहौसी म्हणजे तोच बरं का, ज्याने १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा केले! १८५३ च्या अखेरीस काम सुरू झाले आणि दोन-तीन वर्षांत सुमारे चार हजार मैल तार कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास, पेशावर अशी पसरली.

या यंत्राची करामत तशी साधी. एका टोकाला बॅटरी आणि एक दांडी. दांडी दाबली की तारेतून वीज वाहते, आणि दुसऱ्या टोकाचे लोहचुंबक एक पट्टी ओढून टकटक आवाज करते. थोडा वेळ दाबले तर ठिपका, अधिक वेळ दाबले तर रेघ. ठिपके आणि रेघा यांच्या जुळणीतून मोर्सच्या लिपीतले एकेक अक्षर बनते. तारमास्तर नुसत्या कानाने ते अक्षर ओळखी आणि कागदावर उतरून घेई. आपल्याकडच्या लोकांनी त्या आवाजाला नावही छान दिले: कडकट्ट!

पण ही कडकट्ट आरंभी कोणाच्या उपयोगाची होती? रयतेच्या नव्हे. पैसे भरून तार करण्याची मुभा लोकांना लवकरच मिळाली. तरी तारेचे मोल पहिल्याने ओळखले ते सरकारने. ११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले, तेव्हा दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला तार गेली आणि पंजाबातले इंग्रज अधिकारी वेळीच सावध झाले. तार ही राज्यकर्त्यांच्या हातातली दूरवर पोहोचणारी काठी आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

ही काठी मोडण्याचे काम पुढे आपल्याच जिल्ह्याने मनावर घेतले. १९४२ च्या सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूर येथील मोर्चांवर गोळीबार झाला. त्यानंतर लढा भूमिगत झाला, आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली साताऱ्याचे प्रतिसरकार उभे राहिले. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग त्या वेळी साताऱ्यातच मोडत होता. या कार्यकर्त्यांनी गावोगाव तारा तोडल्या. तारच का? कारण तालुक्याच्या ठाण्याला जिल्ह्याहून कुमक मागवायची तर तार हवी. ती तुटली की ठाणे एकटे पडते. नेमके हे त्या शेतकऱ्यांच्या पोरांनी ओळखले होते. आज आमच्या शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाला क्रांतिसिंह नाना पाटील यांचेच नाव आहे. तेथे शिकणाऱ्या मुलांच्या खिशात मोबाईल असतो. पण निरोपाची वाट बंद पाडणे हेही एके काळी देशकार्य होते, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे.

स्वातंत्र्यानंतर मात्र चित्र पालटले. ज्या तारा लोकांनी तोडल्या होत्या, त्याच तारांवर आता लोकांची सुखदुःखे धावू लागली. १९४९ मध्ये देवनागरी अक्षरांतही तार पाठवण्याची सोय सुरू झाली. सातारा-सांगलीकडची हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती. जिल्ह्यातली घरेच्या घरे फौजेत होती. त्यांच्यासाठी तार म्हणजे घराशी बांधलेला धागा. दिवाळीच्या किंवा लग्नाच्या शुभेच्छा पाठवायच्या, तर पूर्ण वाक्य लिहिण्याचीही गरज नसे. ठरलेल्या यादीतला आकडा तारमास्तरांना सांगितला की काम होई. एरवी मात्र शब्दाशब्दाला पैसा पडे, म्हणून माणसे बोटे मोजून लिहीत. "मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली" एवढ्या चार शब्दांत सारे येई. आता फौजेतल्या काही जवानांच्या आया रजेपुरत्याच आजारी पडत, ही गोष्ट निराळी! पण १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत याच जिल्ह्यातल्या कितीतरी उंबऱ्यांवर जी तार आली, तिच्यात गंमत नव्हती. तारवाल्याची सायकल आपल्या घरावरून पुढे गेली, म्हणून देवाला हात जोडणाऱ्या बायका तेव्हा गावोगाव होत्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. तारेचा वेग होता तो तारघरापासून तारघरापर्यंत. पुढचा प्रवास पुन्हा माणसाच्या पायांनीच! मी प्राथमिक शाळेत असतानाची हकीकत सांगतो. आमच्या नात्यातल्या एका घरची म्हातारी मुंबईला लेकाकडे वारली. तार जवळच्या गावी दुपारीच येऊन पडली होती. पण घर ओढ्यापलीकडच्या वाडीवर, आणि पावसाने ओढा चढलेला. ती वाडीवर पोहोचली दुसऱ्या दिवशी सकाळी. मंडळी मुंबईला गेली तेव्हा सारे आटोपले होते. शेकडो मैलांचे अंतर तारेने मिनिटांत कापले आणि शेवटच्या मैलाने एक रात्र खाल्ली.

तार का गेली, याचे उत्तर या शेवटच्या मैलात आहे. वीज तारेतही धावत होती आणि टेलिफोनातही धावते. पण टेलिफोन माणसाच्या जवळ आला. १९८० नंतरच्या दशकात बाजारपेठेच्या गावांतून पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ दिसू लागले. १९९५ मध्ये देशात मोबाईल आला, आणि काही वर्षांतच लेखी निरोप थेट माणसाच्या खिशात येऊन पडू लागला. ओढा, वाडी, सायकल, मास्तर यांची गरजच उरली नाही. १९८५ च्या सुमारास देशात ४५ हजार तारघरे होती आणि वर्षाला सुमारे सहा कोटी तारा जात. २०१३ मध्ये तारघरे राहिली ७५. २०११ मध्ये दर वाढवून २७ रुपये केला, तरी वर्षाचे उत्पन्न लाखांत आणि खर्च शंभर कोटींच्या घरात. कडकट्ट तर केव्हाच बंद पडून तिच्या जागी संगणक आला होता. अखेरच्या दिवशी मात्र तारघरांसमोर रांगा लागल्या. ज्यांनी जन्मात तार केली नव्हती, अशी तरुण मुलेही आठवण म्हणून तार करावयास आली होती.

तार गेली याचे रडगाणे मला गावयाचे नाही. वाडीवरच्या त्या घराला आजचा मोबाईल तेव्हा मिळता, तर लेकीला आईचे तोंड पाहता आले असते. पण तारेबरोबर एक गोष्ट गेली हेही खरे. तारेवर तारघराचा शिक्का असे, तारीख आणि वेळ असे, आणि ती हातात देणारा माणूस ओळखीचा असे. म्हणून तारेवर विश्वास बसे. आज निरोप घटकेत शंभर येतात. त्यांतला खरा कोणता आणि खोटा कोणता, हे ज्याचे त्याने पारखावयाचे आहे. मास्तरांचे जुने काम संपले, ते या नव्या रूपाने पुन्हा त्यांच्याच वाट्याला आले आहे.

शिक्षकमित्रांनो, एक विनंती करून थांबतो. गावातल्या जुन्या ट्रंकांतून, देवघरातल्या डब्यांतून पिवळ्या पडलेल्या तारा अजून सापडतील. मुलांना त्या शोधून आणावयास सांगा. ही तार आली तेव्हा घरात काय झाले, ते आजी-आजोबांना विचारून लिहून काढू द्या. पानिपतची वार्ता सावकारी पत्रात टिकली म्हणून आपल्याला कळली. आपल्या गावाची वार्ता त्या चार शब्दांच्या कागदांत आहे. ती सांगणारी माणसे आहेत, तोवरच ती उतरून घेतली पाहिजे.